वाचकांचे प्रश्न : मंद आच आणि अडलेला काटा

प्रश्न : आम्ही ऑस्टिनजवळच्या राऊंड रॉक येथे राहतो. आमच्या गल्लीतली चार मराठी कुटुंबे आणि शेजारचे एक टेक्सन गृहस्थ असा आमचा गट महिन्यातून एका शनिवारी कुणाच्या तरी परसात जमतो आणि स्मोकरवर, म्हणजे धुराच्या बंद शेगडीवर, मांस शिजवतो. दोन घरांत गोमांस चालत नसल्यामुळे आम्ही डुकराच्या खांद्याचा हाडासकट तुकडा घेतो. मागच्या खेपेस साडेचार किलोचा तुकडा सकाळी सहाला चढवला. दुपारी एकपर्यंत आतले तापमान १६० अंश फॅरनहाइटवर (७१ अंश सेल्सिअस) पोहोचले आणि त्यानंतर चार तास काटा जागचा हलला नाही. मंडळी ताटकळली म्हणून आम्ही हवेच्या झडपा पूर्ण उघडल्या, कोळसा आणि लाकूड वाढवले. तेव्हा मांस बाहेरून करपले, आतून चिवट राहिले आणि कडवट लागले. आमचे काय चुकले? शिवाय ब्रिस्केटखेरीज, म्हणजे गाईच्या छातीच्या मांसाखेरीज, खरे बार्बेक्यू नाही, असे शेजारी म्हणतात, ते मानावे का?
— एक वाचक, राऊंड रॉक, टेक्सास

उत्तर : तुमच्या स्मोकरमध्ये काही बिघाड नव्हता आणि मांसातही खोट नव्हती. मंद आचेवर शिजणारा मोठा तुकडा साधारणपणे १५० ते १७० अंश फॅरनहाइटच्या (६५ ते ७७ अंश सेल्सिअस) दरम्यान हमखास अडतो. या अडण्याला तिकडचे लोक ‘स्टॉल’ म्हणतात. उष्णता चरबी वितळवण्यात खर्च होत असल्याने असे होते, असे पुष्कळ जण मानत असत. ग्रेग ब्लॉन्डर या भौतिकशास्त्रज्ञाने ओला स्पंज आणि नुसत्या चरबीचा गोळा तापवून पाहिला, तेव्हा चरबीचे तापमान न थांबता चढत गेले आणि अडला तो स्पंज. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने तुमचा काटा थांबतो. मांसातला ओलावा पृष्ठभागावर येतो, त्याची वाफ होते आणि जाताना ती उष्णता घेऊन जाते. त्यामुळे मिळणारी धग आणि निघून जाणारी उष्णता यांचा हिशेब कित्येक तास बरोबरीत राहतो. पृष्ठभाग पुरेसा सुकला की काटा आपसूक पुढे सरकू लागतो.

या वेळी आच वाढवण्याचा मोह सर्वांनाच होतो, परंतु नुकसान होते ते तिथेच. खांदा हा जनावराचा सतत राबणारा भाग असल्यामुळे त्यात चिवट पांढरे पडदे भरपूर असतात. त्यातले कोलॅजेन हे चिवट प्रथिन विरघळून त्याचे मऊ जिलेटिन व्हायला तापमानाइतकाच वेळही लागतो, आणि बोकडाच्या पायांचे सूप ज्यांनी रात्रभर मंद आचेवर ठेवले आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. तुम्ही झडपा उघडल्यावर बाहेरचा थर भराभर सुकून करपला, मात्र आतल्या पडद्यांना विरघळायला हवे असलेले तास मिळालेच नाहीत. ७१ अंश सेल्सिअसचे डुकराचे मांस खायला सुरक्षित असते, पण खांद्याच्या दृष्टीने ते अर्धवटच असते.

यावर उपाय दोन आहेत. वेळ हाताशी असेल तर काही न करता थांबावे. त्याने ‘बार्क’ म्हणजे बाहेरची काळपट, खरपूस साल सर्वांत उत्तम होते. वेळ कमी असेल तर सालीचा रंग मनासारखा झाल्यावर आणि नखाने खरवडून ती निघत नाही अशी खात्री झाल्यावर तुकडा खाटिककामाच्या गुलाबी कागदात किंवा अॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये घट्ट गुंडाळावा. वाफ आतच कोंडल्यामुळे काटा लवकर हलतो. फॉइलने काम जलद होते, पण साल ओली पडते. कागद थोडी वाफ सोडतो, म्हणून मला स्वतःला कागदच पसंत आहे.

तुमची खरी चूक मात्र घड्याळाची आहे. साडेचार किलोचा तुकडा २२५ ते २५० अंश फॅरनहाइटवर (१०७ ते १२१ अंश सेल्सिअस) ठेवला तर त्याला बारा ते सोळा तास लागू शकतात, आणि एकाच वजनाचे दोन तुकडे एकाच वेळेत तयार होतील याचा भरवसा कुणीही देऊ शकत नाही. त्यामुळे जेवणाच्या वेळेपासून मागे मोजत यावे आणि मांस जेवणाच्या दोन-तीन तास आधीच तयार होईल असा बेत करावा. संध्याकाळी सातला पाने मांडायची असतील तर आदल्या रात्री अकराच्या सुमारास तुकडा चढवावा. आधी तयार झाले तर कागदात गुंडाळलेले मांस जुन्या टॉवेलात लपेटून बर्फ न घातलेल्या कूलरमध्ये ठेवावे. तीन-चार तास ते चांगले गरम राहते आणि त्या विश्रांतीत रस आत मुरतो. फक्त आतले तापमान १४० अंश फॅरनहाइटच्या (६० अंश सेल्सिअस) खाली जाऊ देऊ नये.

तयार झाल्याची खूण आकड्यात थोडी असते, हाताला जास्त कळते. काटा २०० अंश फॅरनहाइटच्या (९३ अंश सेल्सिअस) आसपास आला की थर्मामीटरची सळई तीन-चार ठिकाणी टोचून पाहावी. ती लोण्यात जावी तशी अडखळल्याशिवाय गेली पाहिजे. त्यानंतर खांद्याच्या चपट्या हाडाचे टोक धरून हलकेच पिरगाळावे. मांस खरोखर झाले असेल तर हाड मांसाचा एक धागाही न घेता सुटून हातात येते. माझ्या हातात ते पहिल्यांदा तसे आले, तेव्हा पहाटेचे चार वाजले होते, पत्र्यावर दव साचले होते, आणि ते हाड मी आतल्या खोलीत झोपलेल्या मित्रांना उठवून दाखवले होते.

कडवटपणाचे कारण धुरात आहे. मलाही हा धडा एक अख्खा तुकडा वाया घालवून मिळाला : लाकूड जितके जास्त तितकी चव जास्त अशा समजुतीने मी सात-आठ ओंडके एकदम टाकले, ओल्या सरपणाची चूल जशी धुमसते तसा पांढराशुभ्र दाट धूर दोन तास निघत राहिला, आणि पहिल्याच घासाला जीभ बधिर झाली. लाकूड हवेअभावी धुमसते तेव्हा अर्धवट जळालेले कडू घटक मांसावर बसतात. हवा खेळती असेल आणि लाकूड सुके असेल तर धूर विरळ, निळसर आणि उन्हात जेमतेम दिसेल इतका निघतो; पाहिजे तो हाच धूर. निखाऱ्यांवर मुठीएवढे तीन-चार तुकडे पुरतात. रात्रभर जागे राहायचे नसेल तर कोरडा कोळसा भरून त्यावर थोडेसेच पेटते निखारे ठेवावेत म्हणजे आग वरून खाली संथपणे उतरते. जिम मिनियन यांच्या नावावरून ही रीत ‘मिनियन पद्धत’ म्हणून ओळखली जाते. झाकणावरच्या तापमापकावर विसंबू नये, कारण तो घुमटाजवळची हवा मोजतो. जाळीवर मांसाशेजारी एक वेगळी सळई ठेवावी. गटाने एक वही घालून वजन, हवामान, लाकूड, चढवल्याची आणि गुंडाळल्याची वेळ हे सारे टिपून ठेवावे, अशी माझी कळकळीची सूचना आहे. पाच-सहा शनिवारांनंतर तीच वही तुमच्या परसातल्या तुमच्या स्मोकरविषयी कुठल्याही पुस्तकापेक्षा अधिक सांगू लागते.

आता शेजाऱ्यांच्या मताविषयी. ते मध्य टेक्सासचे असतील तर त्यांचा अभिमान समजण्यासारखा आहे. त्या भागात जर्मन आणि चेक स्थलांतरितांच्या खाटिकखान्यांत न विकले गेलेले मांस धुरावर ठेवून कागदावर विकले जाई, आणि ऑस्टिनच्या दक्षिणेला सुमारे ५० किलोमीटरवर असलेल्या लॉकहार्टमधले क्रॉइत्स मार्केट हे बार्बेक्यूचे दुकान १९०० पासून चालू आहे. १९९९ मध्ये टेक्सासच्या प्रतिनिधीगृहाने लॉकहार्टला राज्याची बार्बेक्यू राजधानी म्हणून मान दिला. तिथे मीठ, मिरी आणि पोस्ट ओक या ओक जातीच्या लाकडाचा धूर एवढ्यावरच ब्रिस्केट होते. पण कॅरोलायना राज्यांत बार्बेक्यू म्हणजे डुकराचे मांस आणि पूर्वेकडच्या भागात त्यावर व्हिनेगरचा पातळ आंबट रस्सा, हे तितकेच पक्के आहे. शिवाय केंटकीतल्या ओवेन्सबरो या गावात पिढ्यान्‌पिढ्या मेंढीचे जून मटण हिकरीच्या लाकडाच्या धुरावर तासन्‌तास शिजवून काळपट, आंबट-मसालेदार ‘डिप’बरोबर वाढतात. जून मटण मऊ करण्याची ही रीत आपल्याला किती जवळची आहे! गटातल्या काही घरांना डुकराचे मांसही नको असेल, तर मेंढीचा किंवा बोकडाचा खांदा घ्यावा, पाऊणशे अंश सेल्सिअसला साल धरल्यावर गुंडाळावा आणि हाड सुटेपर्यंत ठेवावा. बोकडात चरबी कमी असल्याने तो लवकर सुकतो, म्हणून जाळीखाली पाण्याचे पसरट भांडे ठेवायला विसरू नये.

प्रश्न : आमच्याकडे स्मोकर नाही. नाशिकच्या गच्चीवर मित्रांसोबत कोळशाच्या झाकणाच्या शेगडीवर हे जमेल का? एक मित्र पत्र्याच्या पिंपाचा स्मोकर बनवून देतो म्हणतो.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : जमेल. लाकडी कोळशाचे निखारे शेगडीच्या एका कडेला लोटावेत, मांस दुसऱ्या कडेला ठेवावे आणि झाकणाची झडप मांसाच्या बाजूला करावी, म्हणजे धूर मांसावरून जातो. सुरुवात कोंबडीच्या तंगड्यांपासून करावी. दीड तासात निकाल हाती येतो. कोंबडीला फार मंद आच देऊ नये, कातडी रबरासारखी होते; १५० ते १६५ अंश सेल्सिअस ठीक, आणि हाडाजवळ ७४ अंश भरल्याखेरीज उतरवू नये. हाडालगत गुलाबी छटा राहिली तरी तापमान भरले असेल तर घाबरायचे कारण नाही, कारण धुरातला नायट्रिक ऑक्साइड मांसातल्या मायोग्लोबिन या लाल रंगद्रव्याशी जोडला जाऊन तो रंग टिकवतो. तुपाची धार सोडून दिलेला निखाऱ्याचा धुंगार पाच मिनिटांत वास देतो. इथे मात्र धुराच्या सोबतीने मांस शिजतही असते, हे लक्षात घेऊन तासांची तयारी ठेवावी.

लाकूड पेरूचे घ्यावे; निदान सहा महिने वाळलेले, रंग किंवा पॉलिश न लागलेले. कण्हेरीची काडीसुद्धा जवळ आणू नये, ती विषारी आहे. पिंपाच्या बाबतीत मात्र मित्राला स्पष्ट विचारावे. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा तापला की त्यातून घातक वाफा निघतात, आणि रसायनांचे किंवा आतून लेप दिलेले जुने पिंप कितीही धुतले तरी अन्नासाठी वापरू नये.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. बाल्कनीत छोटा कोळशाचा स्मोकर ठेवावा का?
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : ठेवू नये. लाकडी बांधणीच्या इमारतींत बाल्कनीवर कोळशाची आग पेटवायला अग्निसुरक्षेचे नियम सहसा मनाई करतात आणि ती योग्यच आहे. पाऊस आला म्हणून स्मोकर गॅरेजमध्ये ओढणे तर त्याहून वाईट, कारण दार उघडे असले तरी कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि त्याला रंग नसतो की वास नसतो. ज्या मित्राला परस आहे त्याच्याकडे जमावे किंवा शेगड्यांची सोय असलेल्या सार्वजनिक बागेत जावे. उरलेले मांस दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवे, आणि उन्हाळ्यात पारा ३२ अंश सेल्सिअसच्या वर असेल तर एका तासातच. निघताना राख कधीही प्लास्टिकच्या कचराडब्यात टाकू नये. वरून पांढरी पडलेल्या राखेखाली दुसऱ्या दिवशीही निखारा जिवंत सापडतो, म्हणून ती झाकणाच्या धातूच्या बादलीत पाणी ओतून ठेवावी.