बंदरावरची पहाट: वाचकांचे प्रश्न

यावेळच्या पत्रांत शनिवार-रविवारच्या फोटोग्राफी वर्कशॉपला जाऊन आलेल्यांची गर्दी आहे, आणि जवळपास सगळ्यांनाच बंदरावरच्या सूर्योदयाने दमवलंय. त्यातले चार प्रश्न घेतलेत. पहिल्याला जास्त जागा दिलीय, कारण तो बहुतेकांना पडलेला आहे.

प्रश्न: आम्ही अंधारातच धक्क्यावर पोचलो होतो. शिकवणाऱ्या सरांनी ट्रायपॉड लावून ३० सेकंदांचं एक्स्पोजर द्यायला, म्हणजे शटर तेवढा वेळ उघडं ठेवायला सांगितलं, पाणी एकदम मऊ येईल म्हणाले. पाणी छान आलं, आकाशही मस्त निळं आलं, पण एकूणएक होडी पुसट! कॅमेरा जराही हलला नव्हता, मग असं का झालं? – एक नवशिकी

ताई, कॅमेरा नव्हता हलला, होड्या हलत होत्या. समुद्र कितीही शांत दिसला तरी नांगर टाकलेली होडी डुलतच असते, काही सेकंदांत एकदा इकडे एकदा तिकडे, म्हणजे तुमच्या ३० सेकंदांत ती कितीतरी वेळा झुलून आली आणि ते सगळं एकाच फोटोत साठलं. नीट झूम करून बघा, खालचा भाग थोडा तरी ओळखू येईल पण डोलकाठीचं टोक अगदी धुरासारखं झालेलं असेल, कारण होडी जेवढी कलते त्याच्या कितीतरी पट वरचं टोक सरकतं. माझ्या पहिल्या बंदराच्या फोटोंत प्रत्येक होडीला दोन-दोन डोलकाठ्या होत्या, आणि मला वाटलं होतं लेन्सच बिघडली.

आता यावर काय करायचं. पोचल्यावर कॅमेरा लगेच काढू नका, एकच डोलकाठी निवडा आणि मिनिटभर तिच्याकडेच बघत राहा. ती एका बाजूला जाते, टोकाला क्षणभर थांबते, मग परत फिरते. मधून जाताना तिचा वेग सगळ्यात जास्त असतो आणि टोकाला जवळपास शून्य, झोपाळ्यासारखंच. शटर त्या थांबण्याच्या क्षणी दाबायचं. यासाठी दोन सेकंदांचा टायमर उपयोगाचा नाही, रिमोट हवा, नसेल तर हलक्या हाताने दाबा. सूर्योदयाच्या साधारण २० मिनिटं आधी एफ/८ (लेन्सचं छिद्र, आकडा लहान तर छिद्र मोठं) आणि आयएसओ १०० (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील) वर काही सेकंदांचं एक्स्पोजर लागतं, तेच एफ/४ आणि आयएसओ १६०० केलं तर काम १/१५ सेकंदाच्या आसपास होऊन जातं आणि त्या थांबलेल्या क्षणात होडी स्वच्छ येते. थोडा नॉइज, म्हणजे फोटोत दाणे, येईल, येऊ द्या, तो नंतर कमी करता येतो पण हललेली होडी काही केल्या सरळ करता येत नाही. होड्या लांब आहेत आणि लेन्स वाइड, म्हणजे रुंद दृश्य घेणारी आहे तर एफ/४ ला फोकसची फारशी काळजी नको, फक्त ऑटोफोकस अंधारात चाचपडतो म्हणून लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर, लांबचा एखादा दिवा मोठा करून मॅन्युअल फोकस लावून ठेवा.

मऊ पाणी हवंच असेल तर त्याच जागेवरून दोन फोटो घ्या, एक लांब एक्स्पोजरचा आणि एक छोटा, मग पाणी पहिल्यातलं आणि होड्या दुसऱ्यातल्या असं कॉम्प्युटरवर जोडता येतं. पण मला स्वतःला यापेक्षा ओहोटीचा रस्ता आवडतो. काही बंदरांत ओहोटीला कडेच्या होड्या चिखलात टेकलेल्या असतात, त्या अजिबात हलत नाहीत, तिथे बिनधास्त ३० सेकंद द्या.

आणि हो, भरती-ओहोटीची वेळ आदल्या रात्रीच बघून ठेवा. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, सूर्योदय मात्र दोन दिवसांत जवळजवळ तिथेच असतो, म्हणजे शनिवारी उजाडताना पाणी जिथे होतं तिथे ते रविवारी त्याच वेळी नसणार. शिवाय नांगरावरची होडी वाऱ्याकडे नाहीतर पाण्याच्या ओढीकडे तोंड करून उभी राहते, त्यामुळे काल तुमच्याकडे बघणाऱ्या सगळ्या होड्या आज पाठ फिरवून असू शकतात. कालचीच फ्रेम मिळेल या भरवशावर राहू नका, पण दुसऱ्या दिवशीही जा, नक्की जा.

प्रश्न: सूर्य वर आला की माझ्या फोटोत एक पांढरा डाग आणि बाकी सगळं काळं. आकाश सांभाळलं तर होड्या जातात, होड्या सांभाळल्या तर आकाश जळतं.

उजेडातला फरकच इतका असतो की एका फोटोत दोन्ही मावत नाही. आकाश सांभाळा, रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा, स्क्रीनवर जळलेला भाग लुकलुकतो ती वॉर्निंग चालू ठेवा आणि होड्या काळ्या होऊ द्या. मग काळ्या आकारांनाच फोटो करायचं. त्यासाठी दोन डोलकाठ्यांच्या मध्ये आकाशाची फट दिसली पाहिजे, एकावर एक आल्या की नुसता गठ्ठा होतो. दोन पावलं डावीकडे सरका, गुडघ्यावर बसा, बघा फट कुठे उघडते. तीन वेगवेगळ्या एक्स्पोजरचे फोटो एकत्र करायची युक्ती डोंगरावर चालते, इथे प्रत्येक फोटोत होडी वेगळ्या जागी असते आणि कडेला भुतासारख्या सावल्या येतात.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच आहे. सूर्य वर आला की मागे वळा! सगळा ग्रुप एका रेषेत पूर्वेकडे लेन्स लावून उभा असतो आणि त्याच वेळी पाठीमागे होड्यांच्या रंगावर, ओल्या दोरांवर, जाळ्यांच्या ढिगांवर पहिलं ऊन आडवं पडलेलं असतं, रंगाचे पोपडे, गंजलेला खिळा, दोराच्या पिळातलं मीठ, एकेक वेगळं दिसतं. हे फार वेळ टिकत नाही, ऊन वर चढलं की सगळं सपाट होतं. व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याचं रंगांचं सेटिंग) ऑटोवर असेल तर कॅमेरा ते सोनेरीपण चूक समजून कमी करायला बघतो, म्हणून डेलाइटवर ठेवा. सूर्य उगवायच्या आधीचा अर्धा तास आणि नंतरची ही काही मिनिटं, मी बंदरावर एवढ्यासाठीच जाते.

प्रश्न: डोळ्यांना सूर्य एवढा मोठा दिसतो आणि मोबाइलमध्ये टिकलीएवढा. मोबाइल खराब आहे का?

मोबाइल ठीक आहे. सूर्य आकाशात जेमतेम अर्धा अंश जागा घेतो, क्षितिजाजवळ तो मोठा वाटतो तो आपल्या मेंदूमुळे, मोजला तर तेवढाच भरतो. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यात २४ मिमीच्या लेन्सने त्याचं बिंब सेन्सरवर फक्त ०.२ मिमी पडतं, ४०० मिमीने साधारण ३.७ मिमी, आणि मोबाइलचा मुख्य कॅमेरा बहुतेक २४ मिमीसारखाच रुंद बघतो. सूर्य मोठा हवा तर लांबची, म्हणजे जास्त मिमीची लेन्स आणि लांबची होडी, दुसरा उपाय नाही. मात्र ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरला डोळा लावून अशा लांबच्या लेन्सने सूर्याकडे अजिबात बघू नका, डोळा कायमचा जाऊ शकतो, स्क्रीनवर बघा. मोबाइलवाल्यांनी आकाशावर बोट ठेवून एक्स्पोजर लॉक करा आणि थोडं खाली ओढा, रंग लगेच परत येतात.

प्रश्न: हॉटेलच्या एसी रूममधून थेट धक्क्यावर गेलो तर लेन्सवर वाफ धरली, पुसली की परत धरते, त्यातच सूर्योदय गेला. दुसरं म्हणजे होडीवरच्या एका माणसाने आमच्यावर आरडाओरडा केला, आम्ही तर लांबच होतो.

गार काचेला दमट हवा लागली की असं होणारच, आणि पुसून काच गरम होत नाही. निघायच्या तासभर आधी कॅमेऱ्याची बॅग बंदच ठेवून एसीबाहेर, बाल्कनीत वगैरे ठेवा. वाफ असताना लेन्स बदलू नका, दमट हवा आत जाते. घरी आल्यावर कॅमेरा आणि ट्रायपॉडचे पाय गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा, मीठ राहिलं की गंज धरतो.

त्या माणसाचं म्हणाल, तर तुमच्या डोक्यावर टॉर्च होता का? अंधारात होडी आत आणणाऱ्याचे डोळे अंधाराला सरावलेले असतात, त्यावर पांढरा झोत पडला की त्याला थोडा वेळ काहीच दिसत नाही, आणि पुढे धक्का, दुसऱ्या होड्या, माणसं. लाल दिव्याचा टॉर्च घ्या आणि खाली धरा. ट्रायपॉड बांधलेल्या दोरांच्या आसपास लावू नका, होडी ओढली गेली की ढिला दिसणारा दोर एका झटक्यात ताठ होतो. आणि कुणाचा जवळून फोटो हवा असेल तर आधी विचारा, रात्रभर राबून आलेली माणसं असतात ती. रविवारी परत जाल तेव्हा आदल्या दिवशीचा एखादा फोटो त्यांना दाखवा, आपली होडी स्क्रीनवर बघायला ते हमखास थांबतात.