आजोबांनी महायुद्धातून आणलेलं पिस्तूल वडिलांच्या नावावर आहे. ते माझ्या नावावर कसं करून घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीतून इटलीत लढले, येताना एक बेरेटा पिस्तूल घेऊन आले, त्याचा रीतसर परवाना काढला आणि ते गेल्यावर परवाना वडिलांच्या नावावर झाला. वडील आता ७८ वर्षांचे आहेत, तुम्ही पुण्यात, बहीण न्यू जर्सीत. गावच्या शेतीसाठी घेतलेली एक बारा बोअरची बंदूक तुमच्या नावावर आधीपासून आहे. पिस्तुलावर ७.६५ असं कोरलेलं आहे. घरचे म्हणतात, ‘वडील आहेत तोवर राहू दे, पुढचं पुढे बघू.’ हे बरोबर आहे का, असं तुम्ही विचारलंय.

बरोबर नाही. आमच्या घरीही हेच वाक्य होतं, म्हणून इतकं ठामपणे सांगतोय.

माझे आजोबाही मराठा पलटणीतले. १९४४-४५ च्या हिवाळ्यात ते इटलीत होते. सेनिओ नदीच्या काठावर जर्मनांनी पूरबांधांमध्ये मोर्चे खोदले होते. ९ एप्रिल १९४५ ला मराठा पलटणीच्या नामदेव जाधवांनी जिथे व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळवलं, ती ही नदी. आजोबांनी तिकडून एक जर्मन लुगर पिस्तूल आणलं होतं. नळीच्या मागच्या भागावर ‘४१’ आणि त्याच्या मागे ‘बीवायएफ’ अशी तीन रोमन अक्षरं. ही माउझर कारखान्याची खूण, हे मला फार उशिरा कळलं. सुट्या भागांवरही क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे ठोकलेले होते. खंडेनवमीला ते पिस्तूल पाटावर यायचं, कोयता-विळ्याच्या शेजारी. हळदकुंकू, झेंडूचं फूल, आणि आजोबा त्या दिवशी जेवताना एक शब्द बोलायचे नाहीत. निवडणूक आली की ते पोलीस ठाण्यात जमा व्हायचं, निकालानंतर परत यायचं. त्या पावत्या आजोबा पंचांगात ठेवायचे. १९७३ मध्ये आजोबा गेले आणि ते वडिलांच्या नावावर आलं.

वडील २०१४ ला गेले. आई म्हणाली, आधी दिवस होऊ देत. मग म्हणाली, वर्षश्राद्ध होऊ दे. चौदा महिने ते पिस्तूल लोखंडी कपाटात तसंच पडून होतं. परवाना ज्याच्या नावावर तो माणूसच नाही, म्हणजे त्या चौदा महिन्यांत आमच्या घरात विनापरवाना शस्त्र होतं, आणि आम्हाला कुणालाच ते तसं वाटत नव्हतं. आम्हाला ते आजोबांचं पिस्तूल वाटत होतं.

शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम २१ म्हणतं की ताबा बेकायदेशीर झाला की विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे ते जमा करायचं. जमा केलं म्हणजे गमावलं असं नाही. वारसाला ठराविक मुदतीत स्वतःचा परवाना मिळवून ते परत घेता येतं, किंवा पात्र माणसाला विकता येतं. मुदत उलटली की मात्र जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने ते सरकारजमा होतं. आमचं तेच झालं. आम्ही उशिरा गेलो, अर्ज उशिरा केला, आणि पिस्तूल नऊ मिलिमीटरचं. बोअर म्हणजे नळीच्या आतल्या पोकळीचं माप, आणि नऊ मिलिमीटर हा सैनिकी बोअर. तो सर्वसामान्य परवान्यात बसत नाही, त्यामुळे जिल्ह्याच्या हातात काही नव्हतं, कागद दिल्लीला जायचे. मग विचारणा झाली की हे मुळात घरात आलं कसं. आजोबांचं डिस्चार्ज बुक आणि पहिला परवाना एका ट्रंकेत होते, आणि ती ट्रंक २००५ च्या कृष्णेच्या पुरात तीन दिवस पाण्याखाली होती. दाखवायला आमच्याकडे फक्त बोलणं होतं. २०१७ ला ते सरकारजमा करण्याचा आदेश निघाला.

आता तुमच्याकडे वळतो, कारण तुमची परिस्थिती आमच्यापेक्षा खूप बरी आहे.

पहिली जमेची बाजू तो ७.६५ चा आकडा. आपल्या कायद्याला शस्त्रामागची गोष्ट कळत नाही, बोअर कळतो. ७.६५ ब्राउनिंग म्हणजे आपल्याकडे ज्याला .३२ म्हणतात तोच बोअर, आणि तो सर्वसामान्य परवान्यात बसतो. बेरेटाची १९३४ आणि १९३५ अशी दोन मॉडेलं दिसायला जुळ्या भावांसारखी असतात. १९३४ चं ‘९ कोर्तो’ (नऊ मिलिमीटरचं आखूड काडतूस) असतं, १९३५ चं ७.६५. तुमचं १९३५ असणार, पण स्लाइडवरचं (पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागावरचं) अक्षर न् अक्षर भिंगाने वाचा आणि ते वडिलांच्या परवान्यावरच्या नोंदीशी ताडून बघा. जुन्या परवान्यांत क्रमांक, बोअर, मेक यांच्या नोंदी कारकुनाने कानाने ऐकून केलेल्या असतात. एखादा आकडा चुकलेला असेल तर वडील हयात असतानाच त्यांच्या अर्जाने दुरुस्त करून घ्या. नंतर ती चूक तुमच्या गळ्यात पडेल.

दुसरी, आणि सगळ्यात मोठी, जमेची बाजू म्हणजे वडील आहेत. शस्त्र नियम २०१६ मधला नियम २५ नेमका यासाठीच आहे. परवानाधारक वारल्यावर तर वारसाला परवाना देता येतोच, पण हयातीतही देता येतो. परवानाधारकाने वयाची सत्तर वर्षं पूर्ण केली किंवा ते शस्त्र पंचवीस वर्षं बाळगलं, यातलं जे आधी घडेल तेव्हापासून तो आपल्या वारसाचं नाव सुचवू शकतो. तुमचे वडील वयाच्या अटीत आजच बसतात. ते स्वतः कार्यालयात जाऊन ‘हे माझ्या वडिलांचं, हे मी माझ्या मुलाला देतोय’ असं म्हणू शकतात. मृत्यूच्या दाखल्यासोबत केलेला अर्ज आणि समोर बसलेल्या ७८ वर्षांच्या माणसाचा अर्ज यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. शिवाय एक दिवसही शस्त्र बेवारस राहत नाही.

मृत्युपत्रात लिहून ठेवू, असं कुणी सुचवलं तर त्यावर विसंबू नका. मृत्युपत्राने मालकी येते, ताबा येत नाही. ताब्यासाठी तुमच्या नावाचा परवानाच लागतो, आणि तो नसताना शस्त्र बाळगणं हा कलम २५ खाली तुरुंगवासाचा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने या शिक्षा आणखी कडक झाल्या.

त्याच दुरुस्तीने आणखी एक बदल केला, आणि तो तुम्हाला थेट लागू आहे. पूर्वी एका माणसाला तीन शस्त्रं ठेवता यायची, आता दोनच. वारशाने आलेल्या शस्त्रालाही या मर्यादेतून सूट नाही, कायद्यात तसं स्पष्ट लिहिलंय. तुमची बारा बोअर आणि हे पिस्तूल मिळून दोन झाली, म्हणजे जागा भरली. काकांची ठासणीची बंदूक वगैरे पुढे येणार असेल तर तिचा विचार आत्ताच करा.

बहिणीचं ना-हरकत लागेल. एकापेक्षा जास्त वारस असले की बाकीच्यांचं संमतीचं प्रतिज्ञापत्र मागतात. तिकडच्या भारतीय वकिलातीत सही साक्षांकित करून घ्या, त्याला वेळ लागतो. आणि ती सही मागण्याआधी तिच्याशी नीट बोला, ही कळकळीची विनंती. नियमात मुलगी ही मुलाइतकीच वारस आहे. आमच्या घरात आजोबांच्या गोष्टी सगळ्यात जास्त माझ्या आत्याला पाठ होत्या, आणि पिस्तुलाबद्दल तिला कुणी कधी विचारलंच नाही. तुमची बहीण परदेशात असल्यामुळे तुमच्या नावावर येणं सोयीचं आहे, हे खरं. ते पिस्तूल अमेरिकेला नेण्याचा विचार मात्र कुणीच करू नये.

पुण्यात तुम्ही आयुक्तालयाच्या हद्दीत राहत असाल तर तुमचा परवाना प्राधिकारी पोलीस आयुक्त. गावाकडे जिल्हाधिकारी. वडिलांचा परवाना एकीकडचा, तुमचा दुसरीकडचा असेल तर पडताळणीचे कागद दोन कार्यालयांत फिरतील. पोलिसांचा चारित्र्य अहवाल, शारीरिक आणि मानसिक स्वास्थ्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी हे सगळं आलंच. बारा बोअरच्या वेळी तुम्ही यातून गेला आहात, म्हणून लांबवत नाही. प्रत्येक कागदावर आवक क्रमांकाचा शिक्का मात्र घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

एक गोष्ट कुणीतरी तुम्हाला नक्की सांगेल: ‘जुनं आहे ना, मग परवाना कशाला, ती तर वस्तुसंग्रहातली चीज.’ यात अर्धं तथ्य आहे. फेब्रुवारी २०२० च्या नियमांनुसार क्युरिओ (संग्रही ठेवण्याजोगी जुनी, दुर्मीळ वस्तू) वर्गात मोडणारं शस्त्र भारतीय नागरिकाला बाळगायला परवाना लागत नाही, पण ते वापरायला, सोबत बाळगून फिरायला किंवा एका जागेहून दुसरीकडे न्यायला लागतो, आणि परवान्यावर नोंद नसेल तर काडतुसं मिळत नाहीत. अधिनियमाच्या कलम ४५ मध्येही जुन्या घडणीच्या शस्त्राला सूट आहे, पण दुरुस्त करूनही ते चालता कामा नये, ही अट आहे. तुमचं बेरेटा चालतं. ते क्युरिओ आहे हे तुम्ही किंवा मी ठरवायचं नाही. प्राधिकाऱ्याने लेखी दिलं तर उत्तम, तोवर चालू परवाना सोडायचा नाही. आणि सूट मिळावी म्हणून गावच्या लोहाराकडून त्याची काडतुसावर आपटणारी पिन कापून घेऊ नका. शस्त्रात फेरफार करायला वेगळा परवाना लागतो, खुणा घासणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि ऐंशी वर्षं अंगावर एकही ओरखडा न घेता आलेली वस्तू कायमची बिघडते.

ब्रिटनचं उदाहरण मला नेहमी आठवतं. स्कॉटलंडमधल्या डनब्लेनच्या शाळेतल्या हत्याकांडानंतर त्यांनी १९९७ मध्ये पिस्तुलांवर जवळजवळ सरसकट बंदी घातली. तरी त्या कायद्यात एक कलम ठेवलं: १ जानेवारी १९४६ पूर्वी युद्धात मिळालेलं शस्त्र, काडतुसांशिवाय, प्रमाणपत्रावर घरात राहू शकतं. म्हणजे आजोबांच्या शेजारच्या खंदकातल्या गोऱ्या शिपायाच्या नातवाला हा मार्ग आहे. ज्या मोहिमेत मराठा पलटणीचे दुसरे व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी यशवंत घाडगे इटलीतल्या वरच्या टायबर खोऱ्यात १० जुलै १९४४ ला पडले, त्याच मोहिमेतून आलेल्या वस्तूसाठी आपल्या कायद्यात असं एक वाक्यही नाही. बंदुकांवर कडक नियम हवेतच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण हे एक वाक्य असायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं.

हे वाचणाऱ्या कुणाच्या घरी १९७१ चं स्वयंचलित शस्त्र वगैरे असेल तर त्याला वारसाची वाट नाही. ते कलम ७ खालचं निषिद्ध शस्त्र. ते हातात घेऊन ठाण्याकडे निघू नका, वकिलाला सोबत घ्या, ठाण्याला लेखी कळवा आणि त्यांनाच येऊन पंचनामा करू द्या.

जुनी काडतुसं असतील तर तीही परवान्यावरच्या संख्येशी जुळतात का पाहा. त्या काळची असतील तर जमा करून टाका, उडवून बघायच्या भानगडीत पडू नका. आणि दसऱ्याला पूजेचा फोटो काढून तो सगळ्या ग्रुपांवर फिरवू नका.

आता कागद. आजोबांचं डिस्चार्ज बुक, इटली स्टार पदक, जुन्या परवान्याची प्रत्येक पुस्तिका, निवडणुकीच्या पावत्यासुद्धा, यांच्या प्रती काढून दोन वेगवेगळ्या गावांत ठेवा. डिस्चार्ज बुक सापडत नसेल तर बेळगावच्या मराठा रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला सैनिक क्रमांक देऊन पत्र लिहा, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयही त्यात मदत करतं. उद्या तुमच्या मुलांना हे सांभाळायचं नसेल आणि तुम्ही ते एखाद्या लष्करी संग्रहालयाला द्यायचं ठरवलंत, तरी हेच कागद लागतील. त्यांनाही शस्त्र परवानगीनेच घेता येतं, आणि मागची हकीकत नसेल तर कपाटातल्या शंभर पिस्तुलांत आणखी एक, एवढीच त्याची किंमत उरते.

आमच्याकडे आता लुगरचं चामड्याचं म्यान उरलंय. ते शस्त्र नव्हे, म्हणून परत मिळालं. खंडेनवमीला आई तेच पाटावर ठेवते. माझ्या मुलीने गेल्या वर्षी विचारलं की पणजोबांना हे कुठल्या गावात मिळालं, आणि मला ‘नदीच्या पलीकडे’ एवढंच सांगता आलं. तुमच्या वडिलांनी आजोबांच्या तोंडून ऐकलं असेल. अर्जाचं उद्या बघा. आज रात्री जेवणं झाल्यावर त्यांच्याजवळ बसा, फोनचं रेकॉर्डिंग चालू करा आणि गावाचं नाव विचारून घ्या.