दिवस चांगला गेला म्हटल्यावर रडू का आलं?

प्रश्न : ताई नमस्कार, मी सोलापूरची, वय ३६, एका मेडिकल दुकानात हिशोबाचं काम बघते. मागच्या महिन्यात मैत्रिणीनं सोल्झेनित्सिन या रशियन लेखकाची इव्हान डेनिसोविचच्या एका दिवसावरची कादंबरी वाचायला दिली, इंग्रजीतून होती म्हणून मोबाईलवर अर्थ बघत बघत पंधरा दिवस लागले. रशियातला लेबर कॅम्प, इव्हान डेनिसोविच शुखोव नावाचा कैदी, पहाटे उठल्यापासून रात्री झोपेपर्यंतचा त्याचा एकच दिवस, बस एवढीच गोष्ट. थंडी, भूक, झडती, ते पाण्यासारखं सूप, सगळं वाचलं, वाईट वाटलं पण रडले नाही. आणि शेवटी तो अंथरुणात पडून मनात मोजतो ना, की आज कोठडीत टाकलं नाही, दुपारी एक वाटी जास्तीची मिळाली, भिंत चांगली झाली, झडतीत लपवलेलं पातं सापडलं नाही, आजारी पडलो नाही, म्हणजे दिवस तसा चांगलाच गेला, तिथं मला असं रडू फुटलं की लेक उठून बसली.

माझे पप्पा पॉवरलूमवर होते. बारा तासांची पाळी, कधी दिवस कधी रात. घरी आले की दारातच केसातला कापूस झटकायचे आणि आईला सांगायचे, आज लाईट गेली नाही, तार जास्त तुटली नाही, शेठ काही बोलला नाही, चांगला गेला बघ दिवस. हे मी लहानपणापासून ऐकलंय, कधी काही वाटलं नाही. पप्पा जाऊन चार वर्षं झाली आणि ते वाक्य मला रशियातल्या कैद्याच्या तोंडून ऐकू आलं.

काकांना सांगितलं तर ते भडकले, तुझा बाप काय कैदी होता काय म्हणले. तेही मागावरच होते. मिस्टर म्हणतात रशियातल्या जुन्या गोष्टीशी आपला काय संबंध, असलं अंधारं वाचतेसच कशाला. रात्री नीट झोप लागत नाही. माझं काही चुकलं का ताई? पप्पांचा अपमान केला का मी?

– एक वाचक, सोलापूर

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा पप्पांचं ते वाक्य आल्यावर थोडं थांबावं लागलं. चुकलं काहीच नाही. उलट ज्या जागी रडू यायला पाहिजे बरोब्बर त्याच जागी तुम्हाला आलं असं मी म्हणेन, कारण मारझोड वाचताना आपण मन घट्ट करून बसलेलो असतो, पुढं काहीतरी वाईट येणार हे माहीतच असतं. शेवटी तो माणूस समाधानानं झोपतो तिथं मात्र आपली काहीच तयारी नसते. एका वाटीनं माणूस खूष होतोय, म्हणजे त्याच्याकडून किती काढून घेतलंय ते तिथं कळतं, आणि लेखक त्यावर एक शब्द बोलत नाही. फक्त सांगतो की दहा वर्षांच्या शिक्षेत असे ३,६५३ दिवस होते, वरचे तीन लीप वर्षांमुळं. मला तर त्या तीन दिवसांचा अजून त्रास होतो.

आता काकांचं. त्यांचा राग मला खरा वाटतो आणि त्यांचं म्हणणं अर्धं बरोबरही आहे. शुखोवला वर्षाला दोन पत्रं लिहायची परवानगी होती, घरी दोन मुली होत्या, आणि आपल्यापायी त्यांच्या तोंडचा घास जायला नको म्हणून त्यानं बायकोला पार्सल पाठवू नको सांगितलेलं. तुमचे पप्पा पाळी संपली की घरी येत होते, तुम्हाला जवळ घेऊन बसत होते. हा फरक लहान नाही, तो पुसू नका. पण तुम्ही कुठं मागाला तुरुंग म्हणालात? तुम्हाला ऐकू आलं ते मोजणं. काय काय वाईट झालं नाही याची यादी करून दिवस चांगला ठरवणं, हे कष्टाच्या माणसाला कुठंही करावं लागतं, आणि पप्पा ती यादी आईला सांगत होते म्हणजे घरात काळजी नको म्हणून सांगत होते. शुखोवला सांगायला कुणी नव्हतं, तो स्वतःशीच मोजतो.

अपमानाचं विचारलंय म्हणून एक सांगते, भिंतीची पानं परत वाचा. तुम्ही पत्रात शेवटच्या यादीत भिंतीचं नुसतं नाव घेतलंत, त्या पानांवर काही लिहिलं नाही, बहुतेक डिक्शनरी बघण्यात ती निसटली असतील, आणि माझ्या मते सगळ्या पुस्तकाचा जीव तिथं आहे. हाडं गोठवणाऱ्या थंडीत शुखोव भिंत बांधतोय, कालवलेला माल गोठायच्या आत ब्लॉक बसला पाहिजे, आवडती थापी त्यानं लपवून ठेवलेली, आणि काम थांबवायची वेळ झाली तरी उरलेला माल वाया जाऊ नये म्हणून हा गडी बांधतच राहतो. उशीर झाला तर शिक्षा आहे, पहारेकरी ओरडणार आहेत, तरी निघताना मागं वळून भिंत सरळ आली का ते डोळ्यानंच तपासतो. भिंत सरकारची, त्याला त्यातलं काही मिळणार नाही, पण काम त्याचं आहे. हे नुसतं कल्पनेनं सुचत नाही हो. सोल्झेनित्सिनला १९४५ मध्ये मित्राला लिहिलेल्या पत्रात स्टालिनवर टीका केली म्हणून पकडलं, आठ वर्षांची शिक्षा झाली, आणि कॅम्पात त्यानं स्वतः गवंडीकाम केलं होतं. त्यातून ही कादंबरी आली, रशियात १९६२ ला छापली गेली.

आणि जेवणाची जागा बघा. कितीही थंडी असू दे, शुखोव टोपी घालून जेवत नाही. काढतो, गुडघ्यावर ठेवतो, मग बुटात खोचलेला स्वतःचा चमचा काढतो. मला पप्पांचं दारात उभं राहून कापूस झटकणं वाचताना तीच टोपी आठवली. यात अपमान कुठं आहे सांगा.

मिस्टरांना म्हणावं, सोलापूरच्या माणसानं तरी तुरुंगाशी काय संबंध असं विचारू नये. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन या सोलापूरच्या चार स्वातंत्र्यसैनिकांना इंग्रजांनी १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं, त्यांच्या चार पुतळ्यांवरून आपण रोज जातो, तारीख शाळेपासून पाठ. पण फाशीची वाट बघत त्यांनी तिथले दिवस कसे काढले असतील, थंडीत पांघरायला काय होतं, रात्री कोण कुणाशी काय बोलत होतं, हे आपल्या मनात कधी येतं का? माझ्या तरी आलं नव्हतं, हे पुस्तक वाचल्यावर आलं.

झोपेचं म्हणाल तर असली पुस्तकं रात्री अंथरुणात वाचू नका, रविवारी दुपारी वाचा, घरात माणसं असताना. आणि महिना दोन महिने झाले तरी झोप येत नसेल तर डॉक्टरांना दाखवा, ते पुस्तकाचं नसेल, पप्पांचं राहून गेलेलं रडणं असेल, त्यालाही मदत मिळते.

काकांशी वाद घालू नका. एखाद्या दिवशी चहा घेऊन त्यांच्यापाशी बसा आणि भिंतीची तेवढीच गोष्ट आपल्या भाषेत सांगा, माल, थापी, वेळ झाली तरी न थांबणं, मागं वळून बघणं. कैदी आहे हे शेवटी सांगा. मग विचारा, तुम्ही आणि पप्पा मागावरून उठताना कापडावर एकदा हात फिरवत होता का. ते काय सांगतील ते मला जरूर लिहून कळवा.