पॅच लावला, पण चालू काय आहे?

प्रश्न : ताई, मी वेंगुर्ल्याला एका पतसंस्थेत संगणकाचं सगळं बघतो. शिक्षण बी.कॉम., बाकीचं काम करता करता शिकलो. आमच्याकडे उबुंटू २२.०४ या लिनक्स प्रणालीचे दोन सर्व्हर आहेत. एकावर संस्थेचं मुख्य सॉफ्टवेअर चालतं, दुसऱ्यावर पिग्मी एजंटांच्या मशीनमधला भरणा येतो. यंदा ऑडिटच्या वेळी बाहेरच्या माणसाने दोन्ही सर्व्हर स्कॅन करून जाडजूड अहवाल दिला. त्यात दोन्हींपुढे लाल अक्षरात लिहिलंय : 'ओपनएसएसएच ८.९, सीव्हीई-२०२४-६३८७, ९.८ वर अपग्रेड करा.' ओपनएसएसएच म्हणजे दुरून सर्व्हरवर लॉगिन करायचं सॉफ्टवेअर आणि सीव्हीई म्हणजे सुरक्षेतल्या भोकाला दिलेला क्रमांक, एवढं मला ठाऊक आहे. मी दोन्हीकडे अपडेट चालवलं, तरी आवृत्ती ८.९ च दिसते. शेपटाचे आकडे मात्र वेगळे आहेत. मुख्य सर्व्हरवर '३उबुंटू०.१३' आणि पिग्मीच्या सर्व्हरवर '३उबुंटू०.६'. म्हणजे पिग्मीचा पुढे गेलाय का? ९.८ आणू कुठून? चेअरमनसाहेब रोज विचारतात, आणि सॉफ्टवेअरवाले सांगतात की चालत्या सर्व्हरला हात लावू नका. — एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : ९.८ कुठूनही आणू नका. सोर्स उतरवून, स्वतः बांधून ओपनएसएसएच बसवलंत की त्या दिवसापासून उबुंटूकडून त्याच्या दुरुस्त्या येणं बंद. पुढे निघणारं प्रत्येक भोक तुम्हालाच शोधायचं आणि तुम्हालाच बुजवायचं. तुमच्यासारख्या एकट्या माणसाने हे ओझं घेऊ नये.

आधी हे भोक काय आहे ते बघा. क्वालिस कंपनीच्या संशोधकांनी १ जुलै २०२४ रोजी ते जाहीर केलं. खरं तर ते २००६ सालीच बुजवलेलं होतं. पुढे कोडमध्ये एक बदल झाला आणि ८.५पी१ या आवृत्तीपासून तेच भोक पुन्हा उघडं पडलं. हल्लेखोराने लॉगिनसाठी जोडणी करायची, पण पासवर्ड द्यायचाच नाही. ठरलेली मुदत, म्हणजे एरवी १२० सेकंद, संपली की सर्व्हर जोडणी तोडायला जातो. त्या तोडण्याच्या क्षणी, वेळ अचूक साधली तर, आतला गोंधळ वापरून थेट रूटचा, म्हणजे यंत्राच्या सर्वाधिकारी खात्याचा, ताबा मिळवता येतो. संशोधकांना ३२ बिटच्या यंत्रावर हे साधायला सरासरी ६ ते ८ तास लागले. पासवर्ड लागत नाही, कुणी लिंकवर क्लिक करावी लागत नाही. म्हणून ऑडिटवाल्याने लाल शाई वापरली ते बरोबरच केलं.

मूळ ओपनएसएसएचने दुरुस्ती ९.८ मध्ये दिली. उबुंटू २२.०४ मध्ये मात्र ९.८ कधीच येणार नाही. एका आवृत्तीच्या हयातीत ते मोठे बदल आत घेत नाहीत, कारण त्यावर चालणारं तुमच्यासारख्यांचं सॉफ्टवेअर बिघडू शकतं. ते फक्त दुरुस्तीच्या ओळी उचलतात आणि जुन्या ८.९ मध्ये बसवतात. याला बॅकपोर्ट म्हणतात. पुढचा आकडा ८.९ च राहतो, शेपटाचा वाढतो. या भोकाची दुरुस्ती २२.०४ मध्ये '३उबुंटू०.१०' ला आली.

आता शेपूट नीट वाचा. हे दशांश अपूर्णांक नाहीत. टिंबानंतरचा आकडा पूर्ण संख्या म्हणून वाचायचा : सहावी दुरुस्ती, दहावी दुरुस्ती, तेरावी दुरुस्ती. म्हणजे मुख्य सर्व्हर दहाच्या पुढे आहे, तिथे हे भोक बुजलेलं आहे. पिग्मीचा सहावर अडकलाय आणि आजही उघडा आहे. स्कॅनरने नुसतं ८.९ वाचलं आणि दोघांवर एकच शिक्का मारला. एका ठिकाणी तो चुकला, दुसऱ्या ठिकाणी खरा ठरला. त्यामुळे अहवाल खोटा म्हणून बाजूला टाकू नका. प्रत्येक लाल ओळ घ्या आणि उबुंटूच्या सुरक्षा पानावर तो सीव्हीई क्रमांक टाकून बघा. तुमच्या आवृत्तीपुढे कोणत्या शेपटाला दुरुस्ती झाली ते तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं. वेळखाऊ काम आहे, पण याला दुसरी वाट नाही.

पिग्मीचा सहावर का अडकला? मला बहुतेक वेळा तीनांपैकी एक कारण सापडतं. पहिलं, सॉफ्टवेअर बसवणाऱ्याने पॅकेज 'होल्ड' करून, म्हणजे अपडेट होऊ नये म्हणून धरून, ठेवलेलं असतं. 'ॲप्ट-मार्क शोहोल्ड' असं विचारलं की यादी येते. दुसरं, डिस्कचं बूटचं विभाजन जुन्या कर्नलांनी, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या जुन्या आवृत्त्यांनी, भरलेलं असतं. नवा कर्नल मावत नाही, अपडेट अर्ध्यात अडतं आणि त्याच्यामागे बाकीची पॅकेजेस खोळंबतात. स्क्रीनवर चूक येते, पण इतक्या ओळींच्या गर्दीत ती वर सरकून जाते. तिसरं, फायरवॉलमुळे ते यंत्र जिथून पॅकेजेस येतात त्या उबुंटूच्या भांडारापर्यंतच पोचत नाही. तुम्ही अपडेट 'चालवलं' म्हणता. ते पुन्हा चालवा आणि शेवटच्या वीस ओळी शांतपणे वाचा. कारण त्यातच असेल.

तोवर, म्हणजे आजच, पिग्मीच्या सर्व्हरचं २२ नंबरचं पोर्ट बाहेरच्या जगाला बंद करा आणि फक्त ऑफिसच्या पत्त्याला उघडं ठेवा. हे सर्व्हरसमोर बसून करा. घरून केलंत आणि नियम चुकला तर स्वतःच बाहेर राहाल, आणि मग रात्री ऑफिसचं कुलूप उघडायला शिपायाला उठवावं लागेल. लॉगिनची मुदत शून्य करण्याचा तात्पुरता उपायही सांगितला जातो. त्याने ताबा जाण्याचा धोका टळतो, पण कुणी अर्धवट जोडण्या उघडून ठेवल्या तर तुम्हालाही आत शिरता येत नाही. पोर्ट आवळणं मला जास्त पसंत आहे.

यापुढची गोष्ट मी चटका बसून शिकले, म्हणून ती जरा सविस्तर सांगते. एप्रिल २०१४ मध्ये हार्टब्लीड आलं. ओपनएसएसएलमधलं, म्हणजे वेबसाइटची जोडणी कुलूपबंद करणाऱ्या लायब्ररीतलं भोक, सीव्हीई-२०१४-०१६०. एका मागणीला सर्व्हर आपल्या स्मृतीतला ६४ केबीपर्यंतचा तुकडा बाहेर देत होता. त्यात पासवर्ड असू शकत, सर्टिफिकेटची खासगी किल्लीही असू शकत होती. रत्नागिरीतल्या एका संस्थेचा डेबियन ७ सर्व्हर माझ्याकडे होता. ८ एप्रिलच्या रात्री मी दुरुस्त पॅकेज बसवलं, शेपूट 'डेब७यू५' आलेलं डोळ्यांनी पाहिलं, वहीत बरोबरची खूण केली आणि घरी गेले. नऊ दिवसांनी दुसऱ्याच कामासाठी त्या सर्व्हरवर कोणती प्रक्रिया कोणत्या फायली धरून आहे ते 'एलएसओएफ'ने पाहत होते. एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या ओळीत एसएसएल लायब्ररीच्या नावाआधी तीन अक्षरं दिसली : डीईएल. म्हणजे डिलीट झालेली. डिस्कवर नवी लायब्ररी होती, पण एनजिनएक्स त्या रात्रीच्या आधीपासून चालू होता आणि जुनी, भोक असलेली लायब्ररी स्मृतीत धरून बसला होता. त्याला मी थांबवून पुन्हा सुरू केलंच नव्हतं. नऊ दिवस तो दरवाजा सताड उघडा होता आणि माझ्या वहीत त्यापुढे खूण होती.

किल्ली बदलली, सर्टिफिकेट रद्द करून नवं घेतलं, सगळ्यांना पासवर्ड बदलायला लावले. संस्थेच्या सचिवांना समोर बसून सांगितलं. आतून काही गेलं की नाही हे कळायला मार्ग नव्हता, कारण ते भोक नेहमीच्या लॉगमध्ये माग ठेवत नव्हतं. डेबियनने पाठोपाठ जी पुढची दुरुस्ती दिली तिच्यात कोणत्या सेवा पुन्हा सुरू करायला हव्यात ते तपासून विचारण्याची सोय घातली. म्हणजे ही चूक बऱ्याच जणांकडून होणार हे त्यांना दिसलं होतं.

तेव्हापासून माझ्या वहीत दोन रकाने आहेत, 'बसवलं' आणि 'चालू आहे'. दुसऱ्या रकान्यात खूण करायची ती सेवा कधीपासून चालू आहे ती वेळ बघूनच. उबुंटूवर 'नीडरीस्टार्ट' हा कार्यक्रम जुनं धरून बसलेल्या सेवांची यादी देतो. कर्नलचं तर आणखी सोपं आहे : 'यूनेम -आर' ने चालू कर्नल कळतो. तो बसवलेल्यापेक्षा जुना असेल तर यंत्र रीबूट करण्यावाचून पर्याय नाही. एसएसएच पुन्हा सुरू करताना तुमची उघडी जोडणी तुटत नाही. ती तशीच राहू द्या, दुसऱ्या खिडकीतून नवं लॉगिन करून बघा, जमलं की मगच पहिली बंद करा.

'हात लावू नका' म्हणणाऱ्यांचं काय करायचं? त्यांची भीती खोटी नाही, त्यांना रात्री फोन येतात. पण त्यांना न्हावा-शेव्याची आठवण करून द्या. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या हा विध्वंसक व्हायरस पसरला आणि आपल्याच किनाऱ्यावरच्या त्या बंदरातल्या एका टर्मिनलचं काम कोलमडलं. तो विंडोजमधल्या ज्या भोकाचा आधार घेत होता त्याचा पॅच मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलेला होता. चोरलेले पासवर्ड वापरूनही तो पसरायचा, त्यामुळे एका पॅचने सगळं वाचलं असतं असं मी म्हणणार नाही. पण जगभर किती यंत्रं साडेतीन महिने तशीच उघडी होती ते त्या दिवशी दिसलं.

सॉफ्टवेअरवाल्यांना लेखी विचारा : कोणतं पॅकेज धरून ठेवायचं, का, आणि कधीपर्यंत? उत्तर आलं की धरायचं ते तेवढंच धरा, बाकीचं सोडा. एसएसएचचा आणि पिग्मीच्या हिशेबाचा काहीएक संबंध नसतो.

वेळ शनिवारची घ्या, दिवसअखेर झाल्यावर आणि एजंटांचा भरणा उतरल्यावर. आधी बॅकअप, आणि तो दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहिलेला. पावसाळ्यात तर यूपीएसची बॅटरी भार टाकून तपासल्याशिवाय कर्नलला हात घालू नका. आपल्याकडे लाईट कधी जाईल सांगता येत नाही, आणि अर्धवट लिहिलेला कर्नल घेऊन यंत्र उठत नाही. मी मोठे बदल मे महिन्यात उरकते, गावात लोक कौलं परतायला घेतात त्याच सुमारास. सुरक्षेचे पॅच मात्र पावसासाठी थांबवायचे नाहीत.

ऑडिटरला उत्तर चार ओळींत द्या : पॅकेजचं पूर्ण नाव शेपटासकट, उबुंटूची सूचना यूएसएन-६८५९-१, बसवल्याची तारीख, सेवा कधीपासून चालू आहे ती वेळ. चेअरमनसाहेबांनाही तोच कागद दाखवा.

प्रश्न : ताई, मी दापोलीला राहतो, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. रोज शेकडो सीव्हीई येतात. त्यातले कोणते बघायचे हे कसं ठरवायचं? दहापैकी नऊच्या वरचे तेवढे बघितले तर चालेल का? — एक विद्यार्थी

उत्तर : नाही चालणार, बाळा. तो गुण भोक किती वाईट आहे ते सांगतो. ते तुझ्या यंत्रावर आहे का आणि कुणी वापरतंय का, ते सांगत नाही. पीडब्ल्यूएनकिट, सीव्हीई-२०२१-४०३४, याला ७.८ गुण होते. पण २००९ पासून जवळपास प्रत्येक लिनक्सवर ते होतं, आणि साध्या वापरकर्त्याला त्यातून रूट होता येत होतं. नऊच्या वरचे तेवढेच बघणाऱ्याकडून ते निसटलं असतं.

सीव्हीई म्हणजे फक्त एक क्रमांक. मायटर ही अमेरिकेतली संस्था १९९९ पासून ही यादी चालवते, आणि क्रमांक द्यायचा अधिकार आता अनेकांकडे आहे. आपल्या सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेकडेही आहे. फेब्रुवारी २०२४ पासून लिनक्स कर्नलवाले स्वतःचे क्रमांक स्वतः देतात, आणि तेव्हापासून कर्नलच्या जवळजवळ प्रत्येक दुरुस्तीला क्रमांक मिळतो. म्हणून आकडा फुगलेला दिसतो. त्याने घाबरू नकोस.

तू उलट्या बाजूने सुरुवात कर. आधी तुझ्या यंत्रावर काय बसवलंय आणि नेटवर्कवर कोणतं पोर्ट उघडं आहे त्याची यादी कर. मग तुझ्या डिस्ट्रिब्युशनच्या, म्हणजे उबुंटू, डेबियन यांपैकी जे लिनक्स तू वापरतोस त्याच्या, सूचना ईमेलवर मागव. आणि अमेरिकेच्या सिसा या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेची 'प्रत्यक्ष वापरली गेलेली भोकं' ही यादी रोज सकाळी पाच मिनिटं चाळ. त्या यादीतलं काही तुझ्याकडे असेल तर त्या दिवशीची बाकीची कामं मागे ठेव.

प्रश्न : आमचं नागावला पर्यटकांसाठी घरगुती राहण्या-जेवणाचं आहे. बुकिंगची वेबसाइट भाच्याने सेंटओएस ७ या लिनक्सवर बसवून दिली होती. छान चालते. बदलायची गरज आहे का? — एक वाचक भगिनी, अलिबाग तालुका

उत्तर : आहे, आणि लवकर. सेंटओएस ७ च्या दुरुस्त्या ३० जून २०२४ ला थांबल्या. त्यानंतर निघालेलं प्रत्येक भोक तुमच्या सर्व्हरवर तसंच आहे. वरच्या उत्तरातलं एसएसएचचं भोक तुम्हाला लागू नव्हतं, कारण सेंटओएस ७ वरचं ओपनएसएसएच ८.५ च्याही आधीचं आहे. तो योग होता. भाच्याला सांगा, जुन्यावर जुगाड न करता अल्मालिनक्स ९ किंवा रॉकी लिनक्स ९ वर नवा सर्व्हर घेऊन साइट तिकडे हलव. त्यांना २०३२ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. बदल सोमवारी-मंगळवारी करा, शनिवार-रविवारच्या गर्दीत नको. आणि जुन्या सर्व्हरवर पाहुण्यांच्या आधार कार्डांचे फोटो साठवलेले असतील तर तो बंद करण्याआधी ते पुसायला विसरू नका.