लाल टोपण, केशरी टोपण

प्रश्न : ताई, मी जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाच्या, दुसऱ्या वर्षाला आहे. परवा वॉर्डात १०० युनिटच्या (एका मिलीत १०० युनिट) इन्सुलिनसाठी केशरी टोपणाची सिरिंज हवी होती; मी ४० युनिटच्या इन्सुलिनची, लाल टोपणाची उचलली. टोचण्याआधी लक्षात आलं. मैत्रिणी म्हणतात, ‘काही झालं नाही ना, मग गप्प बस.’ इन्चार्ज सिस्टरना सांगू का?

उत्तर : सांग, आजच सांग. २० युनिट द्यायची म्हणून ती सिरिंज २०च्या खुणेपर्यंत भरली असतीस, तर पेशंटच्या अंगात ५० युनिट गेली असती. अडीचपट! साखर उतरून घामाने डबडबलेला, हाकेला ओ न देणारा पेशंट मी पाहिलाय; तो चेहरा अजून डोळ्यांपुढून जात नाही.

चूक तुझ्या एकटीची नाही गं. लाल आणि केशरी टोपणाच्या सिरिंजा एकाच ट्रेमध्ये होत्या का, ते बघ. तू गप्प राहिलीस तर ट्रे तसाच राहील आणि रात्रपाळीला दुसरी कुणी तीच उचलेल. शिकाऊ असताना बोलणी बसतील म्हणून आम्ही असलं लपवायचो, त्याची खंत मला आजही आहे.

सिस्टर रागावतील असं वाटलं तर ट्यूटरना सोबत ने. किती वाजता, कोणती व्हायल (इन्सुलिनची बाटली), कोणती सिरिंज, एवढं कागदावर लिहून ने. आणि यापुढे व्हायलवरचा आकडा मोठ्याने वाच, शेजारच्या सिस्टरला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.