हातोडीचा बद्द आवाज

प्रश्न : देशानं रस्ते, पूल, रेल्वे, पाणी-गटारं यांवर आतापेक्षा कितीतरी जास्त खर्च करावा, त्यासाठी कर्ज काढावं लागलं तरी चालेल, असं माझा धाकटा भाऊ म्हणतो. मला ते पटत नाही. डोक्यावर आधीच कर्ज असताना आणखी कशाला? तुम्ही आयुष्यभर पुलांवर काम केलंत. तुम्हाला काय वाटतं?

उत्तर : मी धाकट्याच्या बाजूचा आहे. पण त्यानं घालायला हवी होती अशी एक अट आहे, ती मी घालतो : पहिला पैसा जे उभं आहे त्यावर.

पूल तपासायची महागडी यंत्रं आमच्याकडे फार उशिरा आली. त्याआधी होती ती हातोडी. स्लॅबच्या खाली परांचीवर उभं राहायचं आणि काँक्रीटवर हलके ठोके देत सरकायचं. चांगलं काँक्रीट खणखणीत वाजतं. आतला गज गंजून फुगला आणि वरचा थर सुटला की तिथं बद्द आवाज येतो. तेवढ्या जागेला खडूनं गोल करायचा आणि पुढं जायचं. ३१ वर्षं मी हे केलं.

एका पुलाचं सांगतो. पाणी वाहून नेणारे पाइप गाळानं तुंबले होते आणि दोन गाळ्यांमधल्या, म्हणजे खांबा-खांबांमधल्या तुकड्यांमधल्या, जॉइंटचं रबर फाटलं होतं. पावसाचं पाणी थेट गर्डरच्या, म्हणजे रस्ता पेलणाऱ्या तुळयांच्या, टोकांवर आणि ती टोकं ज्यांवर टेकतात त्या बेअरिंगवर गळत होतं. पाइप साफ करा, रबर बदला, असं मी अहवालात लिहिलं. काम किरकोळ होतं. ‘पुढच्या वर्षी पाहू’ असा शेरा आला. पुढच्या वर्षी तोच शेरा, त्याच्या पुढच्या वर्षीही तोच. अखेर गर्डरची टोकं इतकी खाल्ली गेली की पूल कित्येक महिने बंद ठेवून, खाली जॅक लावून, सगळा भार उचलून दुरुस्ती करावी लागली. रबर आणि सफाईला जे लागलं असतं त्याच्या कैक पट पैसे गेले. त्या वर्षांत नव्या कामांना निधी कमी पडला नव्हता. मला त्या पुलाचं आजही वाईट वाटतं, कारण मला तो वाचवता आला असता.

म्हणून तुमच्या कर्जाच्या मुद्द्याला माझं उत्तर असं : न केलेली दुरुस्ती हेही कर्जच आहे. ते कुठल्याही अंदाजपत्रकात दिसत नाही, पण त्याचं व्याज दर पावसाळ्यात चढतं.

आणि ते नेहमी पैशातच फेडलं जातं असं नाही. २ डिसेंबर २०१२ रोजी जपानमधल्या सासागो बोगद्यात छताला टांगलेल्या काँक्रीटच्या लाद्या धावत्या गाड्यांवर कोसळल्या. नऊ माणसं गेली. वरच्या बोल्टांवर हातोडी मारून केलेली तपासणी बरीच वर्षं झालेली नव्हती, नजरेनं पाहून भागवलं होतं. ती बातमी वाचली तेव्हा मी बराच वेळ गप्प बसून होतो. पुढे २०१४ पासून जपाननं पूल आणि बोगद्यांची दर पाच वर्षांनी जवळून तपासणी सक्तीची केली. इटलीत जेनोआचा मोरांडी पूल १४ ऑगस्ट २०१८ रोजी पडला, ४३ जण गेले. १९६७ साली खुला झालेल्या त्या पुलाचे ताण, म्हणजे मनोऱ्यावरून खाली येऊन रस्ता तोलून धरणाऱ्या केबल, काँक्रीटच्या आत बंद होते, त्यामुळे आतला गंज बाहेरून दिसत नसे. एका मनोऱ्याचे ताण १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बाहेरून नव्या केबल लावून बळकट केले होते. पडला तो दुसरा मनोरा, ज्याचं हे काम झालेलं नव्हतं.

नव्या कामांना माझा विरोध आहे असं समजू नका. १८४८-४९ च्या कॉलऱ्यात लंडनमध्ये १४ हजारांहून जास्त माणसं दगावली. १८५८ च्या उन्हाळ्यात सांडपाण्यानं भरलेल्या थेम्स नदीच्या दुर्गंधीनं संसदेत बसणं अशक्य झालं, तेव्हा कुठे गटारांसाठी कर्ज काढायला मंजुरी मिळाली. जोसेफ बाझलजेट या इंजिनिअरनं ती बांधायला घेतली. १८६६ मध्ये कॉलरा पुन्हा आला तो मुख्यतः पूर्व लंडनमध्ये, जिथं ही गटारं अजून जोडली गेली नव्हती. त्यानंतर लंडनला कॉलऱ्याची मोठी साथ आली नाही. ती गटारं आजही वापरात आहेत. ज्याचा फायदा नातवंडा-पतवंडांना होणार, त्याचा भार एकाच पिढीनं एका वर्षात का उचलावा? अशा कामाला कर्ज काढणं मला रास्त वाटतं. कामगार आणि यंत्रं रिकामी बसलेली असतील तेव्हा तर जरूर काढावं. सगळीकडे आधीच कामं चालू असतील, तर तेच पैसे सिमेंट-पोलादाचे भाव चढवण्यात जातात.

सावध राहायचं ते आकड्यांपासून. बेंट फ्लिउबयर्ग हे डॅनिश संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २५८ वाहतूक प्रकल्प तपासले. दहातल्या नऊ प्रकल्पांचा खर्च अंदाजापेक्षा वाढलेला निघाला, रेल्वेच्या कामांत सरासरी ४५ टक्क्यांनी. स्पेनमध्ये सियुदाद रेआलचा विमानतळ सुमारे एक अब्ज युरो खर्चून उभा राहिला आणि २०१२ मध्ये बंद पडला. काँक्रीट तिथंही उत्तमच असेल. विमानं येतील का, हे मात्र नीट विचारलं गेलं नाही.

तेव्हा भावाला सांगा, खर्च वाढवा, पण प्रत्येक नव्या कामाच्या मंजुरीसोबत पुढच्या पन्नास वर्षांच्या देखभालीचा निधी कुठून येणार, ते त्याच कागदावर लिहिलेलं असू द्या. ते लिहिता येत नसेल, तर मी सही करणार नाही.

प्रश्न : हे सगळं सरकार आणि इंजिनिअरांचं झालं. सामान्य माणसाला यातलं काय कळणार?

उत्तर : तुम्हाला वाटतं त्यापेक्षा बरंच कळतं. जोराचा पाऊस पडत असेल तेव्हा एखाद्या पुलाच्या खाली सुरक्षित जागी उभे राहा आणि वर पाहा. पाणी पाइपांच्या तोंडांतून पडत असेल तर ठीक. दोन गाळ्यांच्या सांध्यातून खांबाच्या माथ्यावर गळत असेल, तर तारीख घाला, फोटो काढा आणि लेखी विचारा, या पुलाची शेवटची तपासणी कधी झाली आणि त्या अहवालात सुचवलेल्या दुरुस्तीचं काय झालं. हा दुसरा प्रश्न सोडू नका. माझ्या अहवालांबद्दल तो कधी कुणी विचारला नाही.