इंडेंटेशनला 'समास' म्हणावं का?

प्रश्न असा आलाय की मुलांना मराठीतून पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवताना इंडेंटेशनला, म्हणजे कोडची ओळ डावीकडे जागा सोडून सुरू करण्याला, काय म्हणायचं, 'समास' चालेल का. मला नाही पटत. समास म्हणजे वहीत डावीकडे पट्टी धरून मारलेली रेघ, पानभर एकाच जागी, मग आत निबंध असो नाहीतर गणित, तिला काय त्याचं. (शिवाय व्याकरणातला समास आहेच, तत्पुरुष नि द्वंद्व, पोरं आधीच त्याला वैतागलेली.) इंडेंटेशन ओळीओळीला बदलतं आणि पायथॉनमध्ये त्यावर अर्थच फिरतो. हे बघा:

जर पाऊस असेल:
    छत्री घे
घराबाहेर पड

आता शेवटची ओळ छत्रीच्या बरोब्बर खाली सरकवा. झालं, पाऊस नसेल त्या दिवशी माणूस घरातच बसणार, आणि शब्द तर एकही बदललेला नाही.

सी, जावा या भाषांमध्ये हे काम महिरपी कंस करतात, ओळी कितीही वाकड्यातिकड्या लिहा, कंपायलरला (कोड मशीनच्या भाषेत आणणाऱ्या प्रोग्रामला) फरक पडत नाही, वाचणाऱ्याचे मात्र हाल. पायथॉनने, आधीच्या एबीसी नावाच्या भाषेकडून घेऊन, कंसच काढून टाकले, म्हणजे डोळ्याला जे दिसतं तेच मशीन वाचतं. असल्या नियमाला पीटर लँडिन या संगणकशास्त्रज्ञाने १९६६ मध्येच 'ऑफसाइड रूल' म्हटलं होतं, सरळ फुटबॉलमधून उचलून!

कोणी 'खाच' सुचवेल, कारण इंडेंटच्या मुळाशी लॅटिनमधला दात आहे. सरकारी ऑफिसात सामानासाठी 'इंडेंट' पाठवतात ना, तोही त्याच कुळातला, पूर्वी करारपत्र दातेरी कापून दोघांना एकेक तुकडा देत. पण कोड बघून 'इथे खाच पाड' म्हणणारा मला अजून भेटायचाय.

आपण खरं काय बोलतो? भाच्याला शिकवताना माझ्या तोंडून आपोआप आलं, "अरे ही ओळ आत घे, ती बाहेर काढ." टेलरला आपण कमरेत आत घे म्हणतो ना, तसंच. किती आत, तर चार स्पेस, पायथॉनवाल्यांचा तसा संकेतच आहे. म्हणून माझं मत, क्रियापद 'आत घेणे', आणि पेपरात लिहायला नाम हवंच असेल तर इंडेंटेशनच राहू दे, उगाच नवा शब्द पाडू नका. फक्त एक ओळ टॅबने आणि दुसरी स्पेसने आत घेऊ नका, आपल्याला दोन्ही सारख्याच आत दिसतात पण पायथॉन ३ तिथेच अडून बसतो.